आधी मधमाश्यांना

म्युनिकच्या माझ्या खोलीत कपाटावर पुठ्ठ्याची एक काळी टोपी असायची. जर्मनीत डॉक्टरेटची तोंडी परीक्षा पार पडली की बरोबरीचे लोक स्वतःच्या हातांनी अशी टोपी बनवून त्या माणसाला घालतात. तिला डॉक्टरहूट म्हणतात. वर चौकोनी पुठ्ठा असतो आणि त्यावर त्या माणसाच्या आयुष्यातल्या गोष्टी चिकटवलेल्या असतात. माझ्या टोपीवर लोखंडाचा एक जोडलेला तुकडा होता, कारण वेल्डिंगचे सांधे कुठे आणि कसे तुटतात हा माझा विषय होता. एक प्लास्टिकची मिरची होती, कारण मी भारतीय होतो. आणि एका कोपऱ्याला दोऱ्याने टांगलेली छोटी पितळी घंटा होती. ती माझ्या वडिलांमुळे होती.

बाबा आमच्या तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. शाळेचे तास वाजवायचे. मी त्याच शाळेत शिकलो. इन्स्टिट्यूटमध्ये एकदा जेवताना मी हे सांगितलं होतं आणि माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या सहकाऱ्याने ते लक्षात ठेवलं होतं. तो बास्क होता. फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवर, समुद्राजवळच्या डोंगरांत त्याचं गाव होतं. तू फ्रेंच का, असं कुणी विचारलं की तो "पासपोर्टवर" असं उत्तर द्यायचा. टोपी त्यानेच बनवली होती. घंटा त्याने जुन्या बाजारातून शोधून आणली होती. परीक्षेच्या दिवशी सगळ्यांनी मला हातगाडीवर बसवून इन्स्टिट्यूटच्या आवारात फिरवलं. मी मान हलवली की घंटा वाजायची आणि सगळे हसायचे. फोटोत मीही तोंड उघडून हसतो आहे.

त्या वेळी बाबांना जाऊन तीन आठवडे होत आले होते. मला ते माहीत नव्हतं.

आमच्याकडे ही रीत आहे. मुलाची परीक्षा असली की घरातली वाईट बातमी त्याच्यापर्यंत जाऊ द्यायची नाही. माझ्या दहावीच्या वेळी आजोबा गेले, तेव्हा बाबांनी मला आत्याच्या घरी अभ्यासाला म्हणून ठेवलं आणि शेवटचा पेपर झाल्यावर सायकलवरून घ्यायला आले. वाटेत सांगितलं. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणी दहावीला बसलं होतं आणि पहिल्यांदाच कुणी पास होणार होतं. तेव्हा मला त्यात काही चूक वाटली नव्हती. या वेळी शेवटच्या आजारात, दवाखान्यात, बाबांनी दादाला तेच बजावलं, की त्याचा वायवा होईस्तोवर त्याले काही सांगू नका. दादाने पाळलं.

मी दर रविवारी म्युनिकच्या स्टेशनजवळच्या कॉलशॉपमधून घरी फोन करायचो. एक पाकिस्तानी गृहस्थ ते चालवायचे. आत फोनची लाकडी खोकी होती. त्या काळातल्या दोन रविवारी मी दादाला म्हणालो, बाबांना दे. दोन्ही वेळा दादा म्हणाला, "बाबा झोपले आहेत रे." आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, "झोपू दे."

तिसऱ्या रविवारी मी डॉक्टर झाल्याचं सांगायला फोन केला. दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बसलेला आहेस का?" आणि सांगितलं. पाठोपाठ हेही सांगितलं, की सगळं व्यवस्थित झालं, पुण्यानुमोदनाला पूर्ण गाव आलं होतं, हेडमास्तर बोलले, तू काळजी करू नको. मी म्हणालो, "बरं केलं दादा." आणि मग म्हणालो, "थँक यू." मला तेव्हा खरंच वाटलं की दादाने एकट्याने सगळं केलं, तर आभार मानले पाहिजेत. खोक्यातून बाहेर आलो. दुकानदार म्हणाले, "सब ख़ैरियत?" मी म्हणालो, हो.

त्यानंतर काहीच झालं नाही. मी वाट पाहिली, पण रडू आलं नाही. इन्स्टिट्यूटमध्ये सोमवारी सांगायचं ठरवलं होतं, पण सोमवारी लोक अजून अभिनंदन करत होते. आणि बातमी तीन आठवडे जुनी. परवा हातगाडीवर बसून हसणाऱ्या माणसाने ती कशी सांगावी, मला कळेना. म्हणून सांगितली नाही. मग पुढच्या आठवड्यात ती आणखी जुनी झाली.

घरी मी गेलो नाही. दादाच म्हणाला होता, आता येऊन काय करशील, नोकरी बघ. त्याच इन्स्टिट्यूटमध्ये मला काम मिळालं. राहण्याच्या परवान्याचे कागद बदलायचे होते, ते बदलले. नंतर कागदांची अडचण राहिली नाही, तरी गेलो नाही. आई दर रविवारी विचारायची, "कधी येतं?" आणि मी म्हणायचो, "बघतो." दादाशी फक्त हवेबद्दल बोलायचो. तिकडे ऊन किती, इकडे बर्फ किती. फोन ठेवल्यावर वाटायचं की असाच आणखी काही काळ गेला, तर मी परत कधीच जाणार नाही आणि मला त्याचंही काही वाटणार नाही.

फेब्रुवारीत त्या बास्क सहकाऱ्याचे वडील गेले. फोन आला तेव्हा तो प्रयोगशाळेतल्या भट्टीसमोर उभा होता. त्याने कोट उचलला आणि मला म्हणाला, "भट्टी बघशील?" आणि निघून गेला. मी त्याचे नमुने आठवडाभर सांभाळले. सगळ्यांनी शोकाचं कार्ड लिहिलं, त्यावर मीही सही केली. तो चीजचा मोठा गोळा घेऊन परतला आणि आभार म्हणून अर्धा मला दिला.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीला तो म्हणाला, "चल माझ्या गावी. आईला तुला बघायचंय. भट्टीवाला कोण म्हणून विचारते."

"मी येऊन काय करू?"

"आल्झो, तर मग, डोंगर चढ. चीज खा. इथे काय करणार आहेस?"

त्याच्या जुन्या गाडीने आम्ही निघालो, मध्ये फ्रान्समध्ये मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो. पांढऱ्या भिंतींचं, लाल खिडक्यांचं मोठं शेतघर. दारावरच्या दगडात घराचं नाव कोरलेलं. तो म्हणाला, आमच्यात माणसाला घराचं नाव मिळतं, घराला माणसाचं नाही. त्याची आई बुटकी, टणक बाई होती. तिला बास्क आणि फ्रेंच येत होतं, मला दोन्ही येत नव्हतं. तिने माझे दोन्ही हात धरून काहीतरी लांबलचक सांगितलं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, बारीक आहेस."

घरासमोर लारूनचा डोंगर उभा होता. सगळ्या बाजूंनी एकटा, वर मनोऱ्यासारखा टीव्हीचा खांब. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पायी निघालो. त्याच्या आईचे गुडघे दुखायचे, म्हणून त्या डोंगरावर जाणाऱ्या लाकडी डब्यांच्या लहानशा दातेरी रेल्वेने येणार होत्या. जेवणाची टोपली त्यांच्याकडे होती. "गाडीवाले आधी पोचतात आणि उपाशी लोकांना बघत बसतात," असं त्या मुलामार्फत मला म्हणाल्या.

वाट नेच्यांतून आणि गवतातून जात होती. गवतात पोत्तोक नावाची ठेंगणी, जाड मानेची तट्टं मोकळी चरत होती. काहींच्या गळ्यात घंटा होत्या. चालली की वाजायच्या. वर गिधाडं गोल फिरत होती. सहकारी बोलत होता. बास्क भाषेला जगात कुणी नातेवाईक नाही, आजूबाजूच्या सगळ्या भाषा नंतर आल्या. लहानपणी शाळेत ही भाषा बोललं की त्याच्या आजोबांना शिक्षा व्हायची. मी "हो, हो" म्हणत होतो. हे सगळं चांगलं आहे हे मला कळत होतं, जसं काचेमागे ठेवलेलं जेवण चांगलं आहे हे कळतं.

एका सपाटीवर गुडघ्याएवढे दगड गोलाकार रोवलेले होते. मी दमलो होतो. आत जाऊन एका दगडावर बसलो आणि चॉकलेट काढलं. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "हे फार जुने आहेत. आमचे लोक मेलेल्यांना जाळायचे आणि राख अशा वर्तुळात ठेवायचे."

मी उठलो.

"बस, बस. कुणी रागवायचं राहिलेलं नाही."

मी उभाच राहिलो. बाबांची राख दादाने शाळेच्या मागे खड्डा खणून पुरली आणि त्यावर कडुनिंब लावला. हे मला फोनवर कळलं होतं. झाड केवढं झालं, हे मी कधी विचारलं नव्हतं. चॉकलेट हातात विरघळायला लागलं, तेव्हा खाऊन टाकलं.

माथ्यावर पोचलो तर तिथे बाजार भरल्यासारखी गर्दी. कधी काळी एक राणी खेचरावर बसून चढली, तिच्या आठवणीचा दगडी स्तंभ. सीमारेषा माथ्यावरूनच जाते, त्यामुळे दोन पावलांत स्पेन, आणि स्पेनच्या बाजूला दुकानं. पर्यटक बाटल्या विकत घेत होते. एका दुकानाबाहेर गोल काळ्या टोप्यांतले म्हातारे बाकावर बसून खड्या आवाजात गात होते. गाणं संपताना एकाने तोंडावर हात धरून लांब, चढत जाणारी किंकाळी मारली, शेवटी घोड्यासारखी खिंकाळत उतरणारी. पलीकडच्या कड्यावरून कुणीतरी तशीच परत दिली.

"इररिंत्सी," सहकारी म्हणाला. "आमची जुनी हाक. डोंगरावरून डोंगरावर. मारून बघ."

"नको."

"अरे, इथे सगळे मारतात."

मी तोंडावर हात धरला. श्वास घेतला. काही निघालं नाही. हात खाली घेतला. एका बाजूला समुद्र होता, दूरवर वळत गेलेला किनारा. दुसऱ्या बाजूला डोंगरामागे डोंगर. मी समुद्र पाहिला. निळा होता. मग डोंगर पाहिले.

आई भिंतीच्या आडोशाला टोपली उघडून बसल्या होत्या. आम्हाला पाहून घड्याळाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. टोपलीत मक्याच्या पिठाची हातावर थापलेली जाड भाकरी होती, तिला ते तालो म्हणतात, मेंढीचं चीज, आणि काळ्या चेरीचा मुरांबा. मी भाकरी मोडून चीजशी खाल्ली. मी ती एका हाताने मोडली, हे आईंनी पाहिलं आणि खूश झाल्या. मग विचारलं. सहकाऱ्याने भाषांतर केलं, "तुझे आईवडील शेती करतात का?"

"आई घरी असते. वडील शाळेत होते."

"आता निवृत्त?"

तो हे सहज विचारत होता. इन्स्टिट्यूटमध्ये जेवताना विचारावं तसं. मी म्हणालो, "वारले. नोव्हेंबरात."

त्याने हे भाषांतर केलं नाही. माझ्याकडे बघत राहिला. "कुठल्या नोव्हेंबरात?"

"गेल्या."

"तुझी परीक्षा नोव्हेंबरात होती."

"गेनाऊ, बरोबर. त्याच्या आधी वारले. मला नंतर कळलं. परीक्षा होती म्हणून घरच्यांनी सांगितलं नव्हतं."

आई त्याला कोपराने ढोसत होत्या, काय म्हणाला ते सांग म्हणून. त्याने सांगितलं. बराच वेळ सांगत होता. मी जेवत होतो. त्यांनी मध्येच एक प्रश्न विचारला आणि त्याने तो मला विचारला, "परीक्षा होती म्हणजे काय? परीक्षेचा काय संबंध?"

मी समजावायचा प्रयत्न केला. आमच्या घरात शिकलेला मी पहिलाच, एवढ्या लांब पाठवलेला, सगळ्यांचं लक्ष त्या एका दिवसाकडे लागलेलं. हे माझ्या भल्यासाठी केलं, वडिलांचीच तशी इच्छा होती. मी घरच्यांची बाजू नीट मांडली. आईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग हातातली सुरी पुसून टोपलीत ठेवली आणि बोलू लागल्या. तो वाक्यावाक्याने जर्मनमध्ये सांगत गेला.

"म्हणते, आमचे वडील पहाटे गेले. तिने त्यांचे डोळे मिटले आणि आधी मागच्या अंगणात गेली. आमच्याकडे मधमाश्यांच्या पेट्या आहेत. प्रत्येक पेटीवर टकटक करून सांगितलं, घरधनी गेला, मेण करा, चर्चमध्ये त्याच्यासाठी मेणबत्ती लागणार आहे. घरातलं माणूस गेलं की मधमाश्यांना लगेच सांगायचं असतं. नाही सांगितलं तर त्या घर सोडून जातात, नाहीतर आतल्या आत मरतात."

मग तो स्वतःचं म्हणाला, "मला फोन त्यानंतर. माझा नंबर दुसरा लागला."

त्याने हे त्यांना बास्कमध्येही सांगितलं असावं, कारण त्यांनी त्याच्या पाठीत धपका घातला आणि काहीतरी म्हणाल्या.

"म्हणते, तू काही पोळं सोडून उडून जाणार नव्हतास."

आम्ही तिघंही हसलो. मीही. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि उरलेली भाकरी माझ्या पानात ठेवली. माझ्या मनात एकच गोष्ट होती, आणि तीही रागाने नाही, हिशेब लागावा तशी आली. यांच्या घरात माश्यांनाही त्याच पहाटे सांगितलं.

उतरताना आईंनी आम्हाला त्यांच्याबरोबर रेल्वेत बसवलं. डबा करकरत हळूहळू उतरत होता. सहकारी माझ्यासमोर बसला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ती घंटा. टोपीवरची. मी काढून टाकू का?"

"राहू दे."

"मला माहीत असतं तर..."

"मलाही माहीत नव्हतं," मी म्हणालो.

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. आई मला खुणेने मागच्या अंगणात घेऊन गेल्या. सहकारी दाराशीच थांबला. सफरचंदाच्या झाडांखाली जुन्या लाकडी पेट्या रांगेत होत्या, माश्या परत येऊन फळीवर उतरत होत्या. आईंनी पहिल्या पेटीवर बोटांनी टकटक केलं आणि बाजूला झाल्या. माझ्याकडे पाहून हनुवटी हलवली. सांग.

त्यांच्या माश्या, त्यांचं घर. माझ्या वडिलांशी या पेट्यांचा काही संबंध नव्हता. माझा अशा गोष्टींवर विश्वासही नाही. आमच्या घरी धम्म आल्यापासून बाबांनी अंगारे-धुपारे सगळे बंद केले होते. पण त्या वाट बघत होत्या, आणि मोठ्या माणसाला नाही म्हणायची मला सवय नव्हती. मी वाकलो. कुठल्या भाषेत, हा प्रश्नच आला नाही.

"माझे बाबा गेले," मी म्हणालो.

आणि लक्षात आलं की हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलतो आहे. ते मला सांगितलं गेलं होतं, मी कुणाला सांगितलं नव्हतं. घरी सगळ्यांना माझ्या आधी माहीत होतं आणि म्युनिकमध्ये सांगण्यासारखं मराठी कुणी नव्हतं. डोंगरावर जर्मनमध्ये जे सांगितलं, ते दुसऱ्या कुणाच्या तरी वडिलांबद्दल सांगितल्यासारखं झालं होतं. पेटीच्या आत एकसारखा गुणगुणता आवाज होता, तो बदलला नाही. मला रडू आलं नाही. आईंनी पुढच्या पेटीकडे बोट दाखवलं. मी तिथेही सांगितलं. मग त्यापुढच्या. एकीलाही वगळू दिलं नाही त्यांनी. शेवटच्या पेटीपाशी माझा आवाज थोडा बसला होता, पण तो जास्त बोलल्यामुळेही असेल.

पुढच्या रविवारी मी कॉलशॉपमध्ये गेलो. दादाने फोन उचलला.

"काय बाबू, गरम होऊन राहिलं का तिकडं?"

"दादा, एक सांगायचंय."

"सांग ना."

"आईचं काही झालं, तर मला लगेच सांगायचं. त्याच वेळी. परीक्षा असो, नोकरी असो, काही असो."

तिकडे पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. मग दादा म्हणाला, "आई ठणठणीत आहे."

"माहीत आहे. तरी."

"रागावला न तू?" दादाचा आवाज खाली आला. "मले माहीत होतं. तू 'बरं केलं' म्हणाला, 'थँक यू' म्हणाला, तवाच मले भेव वाटलं. मी म्हटलं, भांडला असता तर बरं झालं असतं. दर रविवारी वाट पाहतो मी, आज भांडते म्हणून. तू आपला हवेचं बोलतं."

"तू पण हवेचंच बोलतोस."

"मंग काय बोलू? दोनदा खोटं बोललो तुह्याशी. बाबा तर बाबा, सांगून गेले. बोलाचं मले पडलं."

हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. म्हणालो, "पुढच्या वेळी बोलू नको."

"नाही बोलत."

मागून आईचा आवाज आला, इकडं दे, काय म्हणते तो. फोनची ओढाताण झाली.

"काऊन रे? मी काय आताच मरून राहिली का?"

"नाही आई."

"मंग? दादा रडून राहिला इथं."

"आई, दादा 'बाबा झोपले' म्हणाला, तेव्हा तू कुठं होतीस?"

"इथंच. त्याच्या बाजूले बसून. तोंडात पदर घालून." मग म्हणाली, "आता कशाले काढतं ते?"

"मला सांग."

"काय सांगू?"

"सगळं. त्या दिवशीचं. सकाळपासून."

"दादानं सांगतलं न तुले."

"तू सांग."

आधी ती नाही म्हणाली. मग सुरू झाली. सकाळी त्यांनी चहा मागितला होता, दवाखान्यातला नको, घरचा. ती शेजारच्या पोराबरोबर थर्मास घेऊन आली. साखर कमी पडली म्हणून बोलले तिला. मी एका हाताने फोन धरून खोक्याच्या भिंतीला टेकलो होतो, मधून मधून "हं" म्हणत होतो. बाहेर रांग लागली असावी, कारण दुकानदार काचेशी आले, माझ्याकडे पाहिलं आणि परत गेले. आई न थांबता बोलत होती, जणू हेही तिने कुणाला पहिल्यांदाच सांगितलं. संध्याकाळपर्यंत पोचली, शाळेपर्यंत, कडुनिंबापर्यंत. तेव्हा मी विचारलं, "झाड केवढं झालं?"

"कमरेएवढं. बकऱ्या खातात, काटे लावले दादानं. येऊन पाह्य की."

"जुलैत येतो."

"खरं?"

"उद्या तिकीट काढतो."

मग एकदम म्हणाली, "ते तुही टोपी. तू धाडलेल्या फोटोतली. घंटीवाली. ते घंटी खरीच वाजते का, का नुसती शोभेची हाय?"

"वाजते."

"मंग घेऊन ये," आई म्हणाली.